वस्ताद ते गुरुजी : मुंबईच्या आखाड्यांतील शिक्षकाचा इतिहास

मुंबईच्या व्यायामसंस्कृतीच्या इतिहासात १९२५ हे वर्ष दोन संस्थांमुळे लक्षात ठेवावे लागते. त्या वर्षी ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी अमॅच्युअर बॉक्सिंग फेडरेशन’ स्थापन झाले आणि मुष्टियुद्धाला, म्हणजे हातमोजे घालून दोरखंडांनी बांधलेल्या चौकोनात ठरावीक फेऱ्यांत लढल्या जाणाऱ्या बॉक्सिंगला, हिंदुस्थानात प्रथमच संघटित रूप मिळाले. त्याच वर्षी व्यायाममहर्षी पुरुषोत्तम लक्ष्मण काळे गुरुजी यांनी श्री समर्थ व्यायाम मंदिर सुरू केले, जे पुढे दादरच्या शिवाजी पार्कवरील मल्लखांबाचे केंद्र म्हणून सर्वतोमुखी झाले. दोन्ही विद्यांचे मूळ लढतीत आहे, कारण बॉक्सिंग ही प्रत्यक्ष लढत असून मल्लखांब हा कुस्तीगिराच्या मेहनतीचा पूरक भाग म्हणून वाढला. तरीही दोघांच्या वाटा फार वेगळ्या झाल्या. फेडरेशन, सामने, प्रेक्षक आणि वृत्तपत्रांची प्रसिद्धी हे सारे आरंभीच लाभलेल्या मुष्टियुद्धाचे केंद्र मुंबईतून सरकले, तर चार-दोन आखाड्यांपुरता उरलेला मल्लखांब दादरहून पन्नासेक देशांतील विद्यार्थ्यांपर्यंत गेला. या फरकाचा उलगडा करताना गाजलेल्या खेळाडूंपेक्षा त्यांच्या शिक्षकांकडे, म्हणजे स्वतःच्या लढती संपल्यावरही मैदान न सोडणाऱ्या माणसांकडे, पाहावे लागते.

अशा शिक्षकाची परंपरा मराठी मुलखात जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात मल्लांच्या मेहनतीचे वर्णन करताना स्तंभश्रमाचा, म्हणजे खांबावरील व्यायामाचा, उल्लेख येतो. परंतु मधली काही शतके ही विद्या मागे पडली होती आणि तिचे पुनरुज्जीवन दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधर यांनी केले, असे परंपरा मानते. निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब हे दोन मल्ल पेशव्यांच्या दरबारी आले, त्यांच्याशी लढण्यास कोणी पुढे येईना, तेव्हा तरुण बाळंभटांनी मुदत मागून घेतली, वणीच्या सप्तशृंगीच्या सान्निध्यात आराधना केली, तेथे त्यांना वानराच्या रूपाने खांबावरील पकडींचा साक्षात्कार झाला आणि परतल्यावर त्यांनी अलीला चीत केले, ही कथा प्रत्येक आखाड्यात सांगितली जाते. कथेतील दैवी अंश बाजूला ठेवला तरी तिच्यातला एक धागा इतिहासाच्या दृष्टीने मोलाचा आहे : बाळंभटांचे नाव त्या एका कुस्तीमुळे टिकले नाही, त्यांनी पुढे जे शिष्य घडवले त्यांच्यामुळे टिकले. हाच प्रकार बडोद्यास दिसतो. जुम्मादादा या मुसलमान वस्तादाचे शिष्य राजरत्न माणिकराव यांनी गुरूच्या नावाने चालवलेल्या व्यायाम मंदिरात मराठी, गुजराती अशा अनेक तरुणांना तयार केले आणि त्यांच्यापैकीच एक, स्वामी कुवलयानंद, यांनी पुढे १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगाला प्रयोगशाळेत नेले. बडोद्याहूनच दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ खंडाखंडाने संपादित केला, त्यामुळे तोवर केवळ वस्तादाच्या तोंडून मिळणारे ज्ञान प्रथमच छापील स्वरूपात उपलब्ध झाले.

मल्लखांब म्हणजे जमिनीत घट्ट पुरलेला, साधारण साडेआठ फूट उंचीचा, वर निमुळता होत जाणारा शिसवी किंवा सागवानी खांब. त्याच्या मुख्य भागाला अंग, त्यावरच्या बारीक भागाला मान आणि सर्वांत वरच्या गोल टोकाला बोंड म्हणतात. पकड सुकर व्हावी आणि कातडी सोलपटू नये म्हणून त्यावर एरंडेल तेल चोळले जाते. मांड्यांनी खांब आवळून उलटे होण्याची अढी ही मूळ कृती असून बगली, दसरंग, तेढी, फिरकी, सुईदोरा, वेल, फरारे अशा पुढच्या सगळ्या उड्या आणि पकडी तिच्यावर उभ्या राहतात. कुस्तीगिराला याचा उपयोग सरळ आहे, कारण खांब हा कधीही न थकणारा जोडीदार ठरतो आणि प्रतिस्पर्ध्याचे शरीर जसे मांडीच्या, काखेच्या किंवा कोपराच्या विळख्यात धरायचे असते तसाच तो धरावा लागतो. पुरलेल्या खांबाखेरीज साखळीने लटकवलेला टांगता मल्लखांब आणि दोरीचा मल्लखांब हे प्रकार आहेत. दोरीपूर्वी वेत वापरला जाई, पण तेवढा लांब व चांगला वेत मिळणे अवघड झाल्याने त्याची जागा सुती दोरीने घेतली. हे तपशील पुढच्या इतिहासासाठी महत्त्वाचे आहेत, कारण ज्या खेळाला एक खांब, एक दोरी आणि थोडे तेल पुरते, त्याचा सारा भार शिकवणाऱ्यावरच पडतो.

मुंबईत ही विद्या आली ती दोन वेगळ्या लोकसमूहांबरोबर. परळ, लालबाग, काळाचौकी आणि भायखळ्याच्या भोवती कापडगिरण्या वाढल्या, तशी कोकणातील रत्नागिरी तसेच सातारा, कोल्हापूर आणि घाटावरच्या इतर भागांतून कामगारांची रीघ लागली. त्यांतील पुष्कळांनी कुटुंब गावीच ठेवले, एकेका गावाच्या माणसांनी मिळून खोल्या घेतल्या, जेवणासाठी खाणावळी धरल्या आणि गावाकडची तालीमही सोबत आणली. तालीम म्हणजे कुस्ती शिकण्याची बंदिस्त जागा : आत चाळलेल्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद आणि लिंबाचा रस मुरवून केलेला आखाडा, कोनाड्यात शेंदूर फासलेला मारुती, भिंतीशी मुद्गल आणि करेल, तर या सगळ्यावर देखरेख करणारा वस्ताद. वस्ताद हा बहुधा स्वतः उमेदीत कुस्त्या मारलेला मल्ल असे. वय उलटल्यावर तो पठ्ठ्यांच्या जोर-बैठका मोजी, त्यांच्या लढतीतील चुका मातीत उतरून दाखवी, कोणत्या जत्रेत कोणाशी कुस्ती नेमायची ते ठरवी आणि पठ्ठ्याच्या खुराकाची, म्हणजे दूध, तूप व बदाम यांच्या खर्चाची, तजवीजही बघे. गिरणी कामगाराच्या पगारात असा खुराक बसणे कठीण असल्याने ही तजवीज पुष्कळदा गावकीच्या वर्गणीतून, जॉबरच्या म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाच्या मदतीतून, किंवा वस्तीतल्या एखाद्या वजनदार माणसाच्या आश्रयाने होई.

या आश्रयाची किंमतही मोजावी लागे, आणि व्यायामशाळांच्या गौरवग्रंथांत हे प्रकरण सहसा वगळलेले असते. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या गिरणगावाचा अभ्यास करताना दाखवून दिले आहे की वस्तीतील दादा, जॉबर आणि व्यायामशाळा यांचे संबंध घनिष्ठ होते, त्यामुळे संपाच्या दिवसांत तालमीतले तगडे तरुण कधी संपाच्या बाजूने तर कधी संप मोडणाऱ्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरत. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या काळात या शक्तीला विशेष महत्त्व आले. वस्तादाचा अधिकार अशा वेळी फक्त डावपेचांपुरता उरत नसे. पठ्ठ्यांना कोणाच्या मागे जाऊ द्यायचे आणि कोणापासून आवरायचे, हा निर्णयही त्याच्याकडे येई. सरकारचीही या जागांवर नजर होती. १९१८ च्या रौलट समितीने राजद्रोहाचा आढावा घेताना मुंबई इलाख्यातील प्रकरणाचा आरंभच गणेशोत्सव आणि चापेकर बंधूंचा व्यायामाचा संघ यांपासून केला, म्हणजे राज्यकर्त्यांच्या लेखी तालीम हे निरुपद्रवी ठिकाण नव्हते.

दुसरा लोकसमूह गिरगावचा. १८९३ साली गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, आणि शरीरसामर्थ्य हे राष्ट्रकार्य आहे ही भावना कारकून, शिक्षक, वकील यांच्या घरांत रुजू लागली. या उत्सवाचे प्रवर्तक लोकमान्य टिळक यांनी स्वतः कॉलेजातील पहिले वर्ष मुख्यतः शरीर कमावण्यात घालवले, ही गोष्ट त्या पिढीला आदर्शवत वाटे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्याने दादर-माटुंग्याकडे आखीव वसाहती बांधायला घेतल्या, आणि गिरगावच्या दाट चाळींतील पांढरपेशा कुटुंबांचा एक मोठा भाग हळूहळू उत्तरेकडे सरकला. या वसाहतींच्या मध्यावर मोकळे ठेवलेले मैदान १९२५ मध्ये माहीम पार्क या नावाने खुले झाले आणि अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने १९२७ मध्ये त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले. समर्थ व्यायाम मंदिराला जो विद्यार्थी मिळाला तो याच वस्तीतला होता : शाळेत जाणारा, संध्याकाळी ठरावीक वेळी येणारा, कुस्तीचा फड मारण्याची आकांक्षा नसलेला, पण शरीर निकोप असावे असे घरच्यांना वाटणारा.

विद्यार्थी बदलला तसा शिक्षकही बदलला. तालमीत वस्तादाचे एकेका पठ्ठ्याकडे स्वतंत्र लक्ष असे आणि विद्या गुप्त राखण्याकडे कल असे. व्यायाम मंदिरातील गुरुजींसमोर मात्र एका वेळी पन्नास-शंभर मुले उभी राहत, त्यामुळे कृतींना क्रम, नावे, मोजणी आणि वयानुसार पायऱ्या देणे भाग पडले. मातीची लढत मागे पडून मल्लखांब, लेझीम, सूर्यनमस्कार, सांघिक कवायती पुढे आल्या. काही जुन्या मल्लांनी याला नाक मुरडले असल्यास नवल नाही, कारण ज्या खांबाचा जन्म कुस्तीसाठी झाला तोच आता कुस्तीवाचून शिकवला जात होता. परंतु याच बदलामुळे मल्लखांबाला कुस्तीच्या उतरत्या काळातही स्वतंत्र आयुष्य लाभले, हे नाकारता येत नाही.

याच दशकांत मुंबईतील मुष्टियुद्धाचे चित्र बाहेरून पाहता अधिक झगमगीत होते. लष्करी छावण्या, बंदरात उतरणारे खलाशी, रेल्वेच्या संस्था आणि मिशनरी शाळा यांच्या आधाराने ते भायखळा, माझगाव, फोर्ट या पट्ट्यात वाढले. खेळणाऱ्यांत अँग्लो-इंडियन, ख्रिस्ती, पारशी, ज्यू तरुण मोठ्या संख्येने असत. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारताचा बॉक्सिंग संघ प्रथमच उतरला, १९४९ साली अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला आणि १९५० मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा मुंबईच्याच ब्रेबॉर्न स्टेडियमवर भरली. मात्र स्वातंत्र्यानंतर अँग्लो-इंडियन कुटुंबे मोठ्या प्रमाणावर इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाकडे निघून गेली, तेव्हा त्यांच्याबरोबर या खेळाचे संभाव्य शिक्षकही गेले. उरलेला खेळ सैन्यदले आणि रेल्वे यांच्याकडे वळला. १९८० मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धा मुंबईत झाली खरी, पण तोवर विजेते घडवणारा प्रदेश दुसराच होता. लालबाग-परळच्या तालमींनी मुष्टियुद्ध आपलेसे केले नाही, कारण तेथे शिकवणारा त्यांच्यातला कोणी नव्हता. आणि ज्यांना शिकवता आले असते, त्यांचा या वस्त्यांशी रोजचा संबंध नव्हता.

मल्लखांबाला परदेशी व्यासपीठ मुंबईच्या आधी अमरावतीने मिळवून दिले होते. १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आणि पुढे १९४९ मध्ये स्टॉकहोमच्या लिंगियाड महोत्सवात भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली आणि वाहवा मिळवली. प्रात्यक्षिकाने कौतुक मिळते, खेळ रुजत नाही. तो रुजायचा तर पथक परतल्यावर तेथे कोणीतरी शिकवीत राहावे लागते, आणि शिकणाऱ्याला आपण बरोबर करतो की चूक हे कळण्यासाठी लिखित नियम असावे लागतात. १९८१ मध्ये भारतीय मल्लखांब महासंघ उभा राहिल्यानंतर ही दुसरी गरज पद्धतशीरपणे भागवली गेली. कोणत्या कृतीला किती काठिण्यगुण, संचातील कृतींची जुळणी, चढणे-उतरणे आणि मर्यादित वेळ यांचे हिशेब ठरले, त्यामुळे उज्जैनच्या मुलाची आणि दादरच्या मुलाची तुलना करणे शक्य झाले.

या नियमनात आणि प्रसारात समर्थ व्यायाम मंदिराचे प्रमुख प्रशिक्षक उदय विश्वनाथ देशपांडे यांचा वाटा मोठा आहे. स्वतः याच मैदानावर घडलेल्या देशपांडे यांनी शिकवण्याचे क्षेत्र दोन्ही दिशांनी वाढवले. एकीकडे ज्यांना आखाड्यात पूर्वी जागा नव्हती अशा मुली, दिव्यांग, अनाथ, आदिवासी मुले आणि ज्येष्ठ नागरिक यांना त्यांनी या व्यायामात आणले. दादरच्या कमला मेहता अंध शाळेतील, म्हणजे १९०० साली अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी सुरू केलेल्या शाळेतील, मुलींना दिलेले दोरीच्या मल्लखांबाचे शिक्षण हे त्याचे ठळक उदाहरण आहे. दोरीवर हाताचा आणि पायाच्या अंगठ्याचा स्पर्शच मुख्य मार्गदर्शक असतो, शिक्षकाला कृती दाखवण्याऐवजी ती शब्दांत आणि स्पर्शाने सांगावी लागते, त्यामुळे या मुलींना शिकवताना गुरुजींच्या पद्धतीचीच नव्याने परीक्षा झाली असली पाहिजे. दुसरीकडे त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांना शिवाजी पार्कवर बोलावून आणि स्वतः परदेशी जाऊन पन्नास देशांतील पाच हजारांहून अधिक लोकांना शिकवल्याची नोंद केंद्र सरकारने २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर करताना केली आहे. १६ व १७ फेब्रुवारी २०१९ रोजी शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा भरली आणि तीत १५ देशांनी भाग घेतला. दुसरी स्पर्धा २०२३ मध्ये भूतानमध्ये झाली.

देशांतर्गत नवे प्रदेशही अशाच एकेका शिक्षकामुळे उजेडात आले. मध्य प्रदेशने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्यक्रीडेचा दर्जा दिला, त्यामागे उज्जैनच्या आखाड्यांचे दीर्घ काम होते. छत्तीसगडमधील नारायणपूर येथे पोलीस दलातील मनोज प्रसाद यांनी अबुझमाडच्या आदिवासी मुलांना हाताशी धरून अकादमी उभी केली आणि त्या मुलांनी २०२३ मध्ये दूरचित्रवाणीवरील ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ ही स्पर्धा जिंकली. तोवर या भागाचे नाव वृत्तपत्रांत बहुतेक नक्षलवाद्यांशी होणाऱ्या चकमकींच्या बातम्यांतच येत असे. मुष्टियुद्धाच्या नव्या केंद्रांचा इतिहास पाहिला तरी हेच आढळते : हरियाणातील भिवानीला जगदीश सिंग यांच्या क्लबमुळे ओळख मिळाली व तेथील विजेंदर सिंगने २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले, तर मणिपूरमध्ये मेरी कोम यांनी आपली कारकीर्द चालू असतानाच मुलामुलींसाठी अकादमी सुरू केली आणि आशियाई सुवर्णविजेते डिंको सिंग यांनी निवृत्तीनंतर प्रशिक्षकाचे काम पत्करले. मुंबईच्या मुष्टियुद्धाला १९५० नंतर जे मिळाले नाही ते या प्रदेशांना मिळाले.

शासनाने या कामाची दखल कशी घेतली, हे पुरस्कारांच्या नोंदींवरून कळते. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ मध्ये प्रथम दिला गेला, तेव्हा बॉक्सिंगचे ओमप्रकाश भारद्वाज, कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत आणि ॲथलेटिक्सचे ओ. एम. नंबियार हे तिघे मानकरी होते. शिवाजी पार्कवरच्याच दुसऱ्या एका मोठ्या गुरूंना, क्रिकेटच्या रमाकांत आचरेकरांना, तो १९९० मध्ये मिळाला. मल्लखांबाच्या वाट्याला तो येण्यास २०२० साल उजाडले आणि तो उज्जैनच्या योगेश मालवीय यांना मिळाला; मुंबईच्या गणेश देवरुखकरांचा सन्मान त्यानंतर, २०२३ च्या यादीत झाला. ऑलिम्पिकमध्ये नसलेल्या खेळाचा शिक्षक पस्तीस वर्षे थांबला, यात शासनाच्या दृष्टीचा दोष आहेच. पण ज्या शहरात हा खेळ नव्याने घडला त्या शहरातील मराठी समाजानेही गुरुजींकडे बहुतेक वेळा मुलांना सुट्टीत गुंतवून ठेवणारा भला माणूस म्हणूनच पाहिले, हेही तितकेच खरे.

गिरणगावच्या तालमींचे काय झाले, हा या इतिहासाचा सर्वांत अपुरा भाग आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही, गिरण्या एकेक करून बंद पडल्या, आणि वर्गणी देणारा, पठ्ठा पाठवणारा व संध्याकाळी माती उकरणारा कामगारच वस्तीतून विरळ झाला. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले, चाळींच्या पुनर्विकासात तळमजल्यावरच्या व्यायामशाळांना जिथे जागा मिळाली तिथेही मातीच्या आखाड्याऐवजी फरशी आणि यंत्रे आली. कामगारांच्या संघटना, त्यांची नाटके, शाहिरी आणि भजनी मंडळे यांवर थोडेबहुत संशोधन झाले. ज्या वस्तादांनी आपल्या लढती संपल्यावर दोन-दोन पिढ्या शिकवल्या त्यांच्याविषयी मात्र स्मरणिकांतील छायाचित्रांपलीकडे फारसे काही छापले गेलेले नाही. व्यायामशाळांची हजेरीपुस्तके, वर्गणीच्या वह्या, कुस्तीच्या फडांची हस्तपत्रके आणि वार्षिक अहवाल अजून काही कपाटांत व काही घरांत शिल्लक आहेत. १८९८ पासून मराठी पुस्तके सांभाळणाऱ्या दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थेने आणि मुंबई विद्यापीठाच्या इतिहास विभागाने ती मागून घेऊन जतन करावीत, आणि ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी पुनर्विकासाच्या सामानसुमानात ते रद्दीला जाण्याआधी अशा संस्थेकडे सोपवावेत.